छप्पर धुण्याचे तीन हजार सातशे डॉलर

नऊ नोव्हेंबर, रविवार. वेस्ट विंडसरला आमच्या डायनिंग टेबलापाशी माझ्या कार्डावरून तीन हजार सातशे डॉलर गेले. हजर होतो मी, माझी बायको मेधा आणि दोन घरं सोडून राहणारे भिडे काका. काकांनी स्वतःचे अठराशे पन्नास त्यांच्या कार्डावरून भरले. विमानाची तिकिटं वेगळी. एवढे पैसे भरून आम्ही विकत घेतली ती कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर दहा दिवस फुकट काम करण्याची परवानगी.

हे वाक्य मी आज लिहितोय. त्या रविवारी मला ते असं दिसलं नव्हतं. मी विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. घरी गॅसचं बिल आलं तरी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहतो. पण भलं करायला निघालेला माणूस पावती नीट वाचत नाही, हे मला माझ्यावरून कळलं.

कल्पना काकांची. काका भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर. काकू गेल्यापासून घरात बसवत नाही. "सतीश, आपण इंडियात शाळांना पंखे दिले, कॉम्प्युटर दिले. चाळीस वर्षं ज्या देशात कमावलं, तिथे कुणाच्या घराला हात लावला का? हे बेट अमेरिकेचंच आहे. वादळात छपरं गेली, अजून लोक ताडपत्रीखाली राहतात म्हणे." मेधाला नवऱ्याला फेब्रुवारीतल्या बर्फातून बाहेर काढायचं होतं. मला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

सांता क्लाराहून मुलीचा मेसेज आला: "बाबा, प्लीज डोन्ट ऑडिट द आयलंड." तिला वाटलं, विनोद झाला.

बुधवार, ११ फेब्रुवारी. उतरलो

नेवार्कहून मायामी, मायामीहून सेंट क्रॉय. विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं आणि समुद्रावरचा वारा लागला. तो पुढचे दहा दिवस थांबला नाही. टेकड्या मात्र करड्या आणि वाळलेल्या. जानेवारी ते एप्रिल इथे पाऊस जवळजवळ नसतो. रस्त्याकडेला गुलमोहर ओळखीचे निघाले, पण फुलं नव्हती, नुसत्या लांब काळ्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या.

ज्या स्वयंसेवी संस्थेला आम्ही पैसे भरले होते तिचा ट्रेव्हर आम्हाला न्यायला आला होता. वय सव्वीस, गाव ओहायोतलं, स्वभावाने गोड. बेटावर येऊन त्याला पाच महिने झाले होते आणि पदवी होती "आयलंड डायरेक्टर". गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि रस्ता आपल्यासारखा, म्हणजे चालायचं डावीकडून. त्यामुळे ड्रायव्हर कायम गटाराच्या बाजूला बसतो आणि समोरून काय येतंय ते शेजारच्याला दिसतं. काका शेजारी बसले होते. मुक्कामापर्यंत ते ट्रेव्हरला "नाऊ", "नॉट नाऊ" सांगत होते. ऑपरेशनच्या टेबलाशी सांगत असतील तसंच.

मुक्काम एका बंद पडलेल्या शाळेत. चौदा स्वयंसेवक, दोन लांब खोल्या, लोखंडी दुमजली पलंग. बासष्ट डॉलर रोजचं भाडं धरलंय, असं मी विचारल्यावर ट्रेव्हरने सांगितलं. जेवण म्हणजे ब्रेड, शेंगदाण्याचं लोणी आणि केळी. न्हाणीघराच्या दारावर पाटी: पाणी मौल्यवान आहे, आंघोळ दोन मिनिटांत उरका. ही पाटी लक्षात ठेवावी.

गुरुवार. आधी गुड मॉर्निंग

सकाळी मेधा आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, दूध कुठे आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं मासिक वाचत राहिल्या. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून मोठ्याने विचारलं. मागे उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." मी म्हटलं, "गुड मॉर्निंग." काउंटरवरच्या बाईंनी मासिक मिटलं. "गुड मॉर्निंग. दूध उजवीकडे, शेवटच्या फ्रिजमध्ये."

त्या बेटावर कुणाशीही बोलण्याआधी नमस्कार करायचा असतो. दुकानात, बँकेत, दवाखान्यात शिरताना सगळ्या खोलीला मिळून करायचा आणि सगळी खोली उत्तर देते. संध्याकाळनंतर भेटलं की "गुड नाइट" म्हणतात. आपण ते निघताना म्हणतो, ते लोक येताना म्हणतात. मला हे फार आवडलं. न्यू जर्सीत माझ्या डाव्या हाताच्या शेजाऱ्याशी मी गेल्या वर्षभरात कचऱ्याच्या डब्यावरून दोनदा बोललो असेन. इथे दोन दिवसांत चाळीस माणसांनी माझ्या सकाळची चौकशी केली.

मागे उभं राहून ज्या बाईंनी माझी ही शिकवणी घेतली त्याच मिसेस हेन्री, ज्या घराचं छप्पर आम्हाला धुवायचं होतं त्याच्या मालकीणबाई. वय एकाहत्तर, पोस्टातून निवृत्त, ताठ चालणाऱ्या, कानात सोन्याच्या छोट्या रिंगा. आता घरच्या स्वयंपाकघरातून सोमवार ते शुक्रवार जेवणं विकतात. रोज तीस ताटं, बारा डॉलरला एक. घेणारे बहुतेक जवळच्या शाळेतले शिक्षक.

त्या दिवशी दुपारी आम्ही त्यांच्याकडेच पैसे देऊन जेवलो. शेंगदाण्याच्या लोण्यापुढे मेधाने चोवीस तासांत हात टेकले होते. तिथे "फुंजी" नावाचा पदार्थ मिळाला: मक्याचं पीठ भेंडीबरोबर घोटून केलेली उकड. सोबत "कालालू", म्हणजे पालेभाज्यांचं दाट कालवण. ते साधारण खेकडे, मासे घालून करतात. मेधा शाकाहारी म्हटल्यावर मिसेस हेन्रींनी तिच्यासाठी बिनमाशाचं वेगळं काढलं. पहिल्या घासाला मेधा म्हणाली, "सतीश, हे अळूचं फदफदं आहे. फक्त चिंच-गूळ राहिलाय." वर प्यायला "बुश टी", तो निघाला गवती चहा. काकांनी तीन कप घेतले.

जेवण झाल्यावर मिसेस हेन्रींनी मेधाला घर दाखवलं, मीही मागे होतो. मागच्या ओसरीवर जमिनीत लोखंडी झाकण होतं. ते त्यांनी उचलून मेधाला आत वाकून पाहायला सांगितलं. मी तेव्हा भिंतीच्या तड्याची लांबी मोजत होतो. आत काय आहे ते पाहायला वाकलो नाही. दोन पावलांचं अंतर होतं.

शनिवार, १४ फेब्रुवारी. प्रेम दिन आणि छप्पर

मिसेस हेन्रींचा पंथ शनिवार पाळणारा. शनिवारी त्या स्वयंपाक करत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत, सकाळी नऊला चर्चला जातात ते दुपारी तीनला येतात. आमचं छप्पर धुण्याचं काम सोमवारी ठरलं होतं. शुक्रवारी रात्री ट्रेव्हरने ते शनिवारवर आणलं, कारण ड्रोनवरून शूटिंग करणारा माणूस फक्त शनिवारी मोकळा होता. मिसेस हेन्रींना त्याने मेसेज पाठवला. त्या शुक्रवारी सूर्यास्तानंतर फोन बंद ठेवतात, हे वाडीतल्या कुत्र्यालाही माहीत असावं.

आम्ही साडेनऊला पोचलो. चौघे प्रेशर वॉशर घेऊन वर चढले. बुरशी मारणारं साबणाचं द्रव पाण्यात कालवून छपरावर मारायचं, ब्रशने घासायचं, धुऊन टाकायचं, मग रंग. काकांना आणि मला वय पाहून शिडी धरायला खाली ठेवलं. मेधा संस्थेच्या गाडीवरच्या पिंपातून बादल्या भरत होती.

आता माझी सवय सांगतो. न्यू जर्सीत दर नोव्हेंबरला मी शिडी लावून घराच्या पन्हळीतली पानं काढतो. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत मुरतं आणि दुरुस्ती महाग पडते. त्यामुळे तुंबलेली पन्हळ दिसली की मला राहवत नाही. शिडीवर चार पायऱ्या चढून पाहिलं तर पन्हळीच्या टोकाला, जिथून पाइप खाली उतरतो, तिथे कुणीतरी निळ्या टॉवेलचा घट्ट बोळा कोंबलेला. बोळ्याभोवती प्लास्टिकची पिशवी, वरून दोरी. मला वाटलं, वादळातला कचरा अडकलाय. ओढून ओढून काढला. साबणाचं पाणी सळसळत पाइपात गेलं.

"बघा काका," मी म्हटलं, "आता कसं मोकळं वाहतंय."

काका म्हणाले, "तुला वर पाठवायला हवं होतं. त्या पोरांना काही दिसत नाही."

ड्रोन डोक्यावर घरघरत होता. आम्ही त्याच्याकडे पाहून हात हलवले.

आमच्या गावी पन्हळीचं पाणी गटारात जातं. सेंट क्रॉयला ते घराखालच्या टाकीत जातं आणि तेच माणसं पितात. तिथे नदी नाही, तळं नाही, बहुतेक घरांना नळ नाही. छप्पर म्हणजे तिथली विहीर. पावसाळ्यात पडलेलं पाणी छपरावरून टाकीत उतरवायचं आणि कोरडे महिने त्यावर काढायचे. शाळेत जाणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. संस्थेने आम्हाला दिलेल्या बावीस पानी माहितीपत्रकात सनस्क्रीनवर एक पान होतं. टाकीवर एक ओळ नव्हती.

मिसेस हेन्री तीनला आल्या. पांढरा झगा, पांढरी हॅट. छप्पर चमकत होतं. फाटकातून आत येऊन त्या म्हणाल्या, "गुड आफ्टरनून." सगळ्यांनी उत्तर दिलं. मग त्यांनी पन्हळीच्या टोकाकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या निळ्या बोळ्याकडे पाहिलं, आणि सरळ मागच्या ओसरीवर गेल्या. झाकण उचललं. मी या वेळी वाकलो.

खाली काळोख आणि त्यावर फेस. डास होऊ नयेत म्हणून त्या टाकीत बोटाच्या पेरांएवढे मासे पाळतात. आठदहा मासे फेसावर उलटे तरंगत होते.

"पाइप काढल्याशिवाय छपराला पाणी लावू नका, हे मी ट्रेव्हरला तीनदा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आणि सोमवार सांगितलं होतं. माझा विश्वास बसेना म्हणून जाताना मी बोळा घातला. तो कुणी काढला?"

"मी काढला," मी म्हटलं.

त्यांनी मला खालून वर पाहिलं. "का?"

"तुंबलंय असं वाटलं."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "मिस्टर सतीश, वळून बांधलेला टॉवेल आपण होऊन पन्हळीत चढतो का?"

ट्रेव्हर मध्ये पडला. झालं ते फार वाईट झालं, तो इन्सिडेंट रिपोर्ट करेल, तोवर पिण्यासाठी बाटल्यांची दोन खोकी लगेच पाठवतो, म्हणाला. मिसेस हेन्री त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, "सोमवारी तीस माणसं जेवायला आहेत. त्यांचा भात मी बाटलीतल्या पाण्यात शिजवू?"

मी सोलापूरचा. लहानपणी आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी यायचं. स्वयंपाकघरातल्या पिंपावर आईने घट्ट फडकं बांधलेलं असायचं आणि त्यात न धुतलेला हात घातला तर पाठीत धपाटा बसायचा. साठवलेलं पाणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून त्या फेसाकडे बघताना मला जी चीड आली ती आधी माझीच आली. ट्रेव्हरची पाळी अर्ध्या तासाने आली.

शाळेच्या व्हरांड्यात

अर्ध्या तासाने, म्हणजे त्याने बोलायला सुरुवात केली तेव्हा.

तो म्हणाला, घरमालकांनी कामाआधी कागदावर सही केलेली असते. स्वयंसेवकांकडून चुकून काही नुकसान झालं तर संस्था जबाबदार नाही. रिपोर्टमध्ये "स्वयंसेवकाची चूक" असं जाईल. पण मी वाईट वाटून घेऊ नये, माझं नाव जाणार नाही.

"नाव जाऊ दे," मी म्हटलं. "टाकी उपसायची, घासायची आणि पुन्हा भरायची. टँकर लागेल. तो कोण देणार?"

"ते हेड ऑफिसला विचारावं लागेल. सोमवारी त्यांचं ऑफिस बंद असतं. मंगळवारी."

"तुला त्यांनी तीनदा सांगितलं होतं."

"हो. आय ओन दॅट," ट्रेव्हर म्हणाला. चूक आपली म्हणून ओन करणं म्हणजे काय तर तसं म्हणणं. त्यापुढे त्यात काहीच नव्हतं. माझ्या धंद्यात हे वाक्य मी रोज वाचतो.

पलंगावर बसून आमच्या तिघांची बैठक झाली. काका म्हणाले, "अरे, जाऊ दे. आपण पाहुणे. पोरगं चांगलं आहे. त्यांचं ते बघतील."

"काका, तुम्ही पेशंटला भूल द्यायचात तेव्हा 'त्यांचं ते बघतील' म्हणायचात का?" मेधाने विचारलं.

"ते वेगळं."

"ते पगारी होतं, एवढंच वेगळं. इथे आपण पैसे भरून घोळ घातलाय. माझ्या आईच्या सोसायटीत टँकर दोन तास उशिरा आला तर बायका चेअरमनच्या दारात जाऊन बसतात. आणि इथे एका बाईचं चार महिन्यांचं पाणी साबणाचं करून आपण काय करतोय, तर हात हलवून फोटो काढतोय."

काका पलंगावरून उठले. मग म्हणाले, "ब्रश कुठे मिळतील?"

रविवार, सोमवार. टाकीच्या आत

त्या दहा दिवसांत आम्ही उपयोगाचं काम केलं ते एवढंच. मिसेस हेन्रींचे शेजारी मिस्टर जोसेफ यांच्याकडे पाणी उपसायचा पंप होता. पाण्याचा टँकरही त्यांचाच. सैन्यातून निवृत्त, सहा फूट दोन इंच, सावकाश बोलणारे. रविवारी दिवसभर पंप चालला. साबणाचं पाणी मागच्या उतारावर सोडलं तेव्हा मिसेस हेन्री खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. मी शेजारी उभा राहिलो.

उपसण्याआधी त्यांनी टाकीत काठी बुडवून मला ओली खूण दाखवली होती. अठ्ठेचाळीस इंच. "हे मी नोव्हेंबरपासून सांभाळलंय. कपडे महिन्यातून दोनदा धुते. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना जातं." टाकी आतून बारा फूट बाय बारा फूट. मी मनात गुणाकार केला: चार हजार तीनशे गॅलन.

सोमवारी मेधा, काका आणि मी शिडीने आत उतरलो आणि भिंती घासल्या. मिस्टर जोसेफ वरून साधं पाणी सोडत आणि पंपाने ओढत. आत बोललं की आवाज घुमायचा. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. चौऱ्याहत्तरव्या वर्षी त्यांना उतरू द्यायला मी तयार नव्हतो. ते म्हणाले, "माझं बीपी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. ब्रश दे." ट्रेव्हर दोनदा येऊन गेला. हे आमच्या ठरलेल्या कामात बसत नाही, काही इजा झाली तर विमा लागू होणार नाही, हे त्याने झाकणातून वाकून सांगितलं. काकांनी आतून उत्तर दिलं, "आय ओन दॅट."

दुपारी मिस्टर जोसेफ सावलीत बसून सांगत होते, ते वीस वर्षं सैन्यात होते. टेक्सासला असताना राष्ट्राध्यक्षाला मत द्यायचे. घरी परत आले आणि मत गेलं. बेट अमेरिकेचं, माणसं अमेरिकेची नागरिक, पण इथे राहून ते मत देता येत नाही. मी सोलापूरहून येऊन परीक्षा देऊन नागरिक झालो, मला आहे. त्यांनी हे कुरकुरत सांगितलं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. त्यामुळे मला ऐकवलं नाही.

त्या दिवशी मिसेस हेन्रींच्या फाटकावर पाटी होती: किचन बंद. तीन दिवस ती तिथेच राहिली. मंगळवारी एक शिक्षिका येऊन पाटी वाचून परत जाताना मी पाहिली. तिने आधी मला "गुड आफ्टरनून" म्हटलं.

मंगळवार. हेड ऑफिस

कोरड्या दिवसांत टँकरला रांग असते. मिस्टर जोसेफनी बुधवार दिला, तोही शेजारी म्हणून. पाच हजार गॅलनचे चारशे पंच्याहत्तर डॉलर.

मी हेड ऑफिसला स्वतः फोन केला. एका मॅडमनी पंचवीस मिनिटं अतिशय आपुलकीने ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमचा अनुभव असा खराब झाला याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतंय."

"माझा अनुभव ठीक आहे," मी म्हटलं. "टाकी मिसेस हेन्रींची आहे."

त्या म्हणाल्या, यजमान कुटुंबांना रोख देण्याची पद्धत संस्थेत नाही, त्याने चुकीचा पायंडा पडतो. पण सहभागी लोकांच्या समाधानाची हमी आहे. आम्हा दोघांना प्रत्येकी दोनशे डॉलर परत मिळतील.

मी दोनदा विचारलं, कारण मला वाटलं माझी समजण्यात चूक होतेय. चूक नव्हती. रिपोर्टप्रमाणे नुकसान मी केलं होतं, आणि भरपाईही मलाच मिळणार होती. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन हजार सातशे भरणारा गिऱ्हाईक मी होतो. मिसेस हेन्री गिऱ्हाईक नव्हत्याच. त्या, त्यांचं छप्पर, त्यांची ताडपत्री हा दुकानातला माल होता. मालाची भरपाई कुणी मालाला देत नाही.

"चारशे पंच्याहत्तर आपण देऊ," मेधा म्हणाली. "आणि हे दोनशे-दोनशे येऊ देत. सोडायचे नाहीत."

गुरुवार. निरोपाचं जेवण

बुधवारी टँकर आला. फाटकाबाहेर निळा टँकर, जाड पाइप, आत पाण्याचा आवाज, मेधा डोळे मिटून म्हणाली, "हुबेहूब आमची सोसायटी." मी मिस्टर जोसेफना रोख दिले. मिसेस हेन्री तेव्हा ओसरीवर काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी काठी बुडवली, पाहिली, पुसली आणि आत गेल्या. आभार मानले नाहीत. आभार मानण्यासारखं काही झालंही नव्हतं.

गुरुवारी रात्री शाळेच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण. मिसेस हेन्रींना बोलावणं होतं, त्या आल्या नाहीत. पडद्यावर ड्रोनचं शूटिंग लागलं: निळा समुद्र, करड्या टेकड्या, पांढरं चकचकीत छप्पर आणि शिडीपाशी हात हलवणारे काका आणि मी. माझ्या हातात बोळा होता. त्यानंतर मिसेस हेन्रींचा हसरा फोटो, आम्ही यायच्या आधीच काढलेला, आणि खाली ओळ: आता हिच्या डोक्यावर सुरक्षित छप्पर आहे, तुम्हीही मदत करा.

मी उभा राहिलो. आधी "गुड नाइट" म्हटलं. मागे वाढणाऱ्या दोन स्थानिक बायकांनीच उत्तर दिलं. मग मी सांगितलं की या छपराखाली शनिवारी अठ्ठेचाळीस इंच पाणी होतं, ते साबणाचं झालं, बोळा माझ्या हातात दिसतोय तोच. काम कोणत्या दिवशी करायचं हे मालकीणबाईंनी सांगितलं होतं आणि ते या शूटिंगसाठी बदललं. तीन दिवस स्वयंपाकघर बंद होतं. आणि संस्थेने आजपर्यंत त्यांना बाटल्यांची दोन खोकी दिली आहेत. तो फोटो वापरायचा असेल तर त्याखाली हे लिहा, नाहीतर फोटो काढा.

"सतीश, आपण हे ऑफलाइन बोलू या का?" ट्रेव्हर म्हणाला.

"छप्पर ऑनलाइन टाकलंस," काका बसल्या जागेवरून म्हणाले, "तर टाकीही ऑनलाइन."

कुणीतरी हसलं, कुणीतरी ताटाकडे पाहत राहिलं. मिनेसोटाच्या एक बाई नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, मी बरोबर होतो, पण वेळ चुकली. आम्हाला सर्टिफिकेटं मिळाली. मेधाने आमची तिथेच टेबलावर ठेवली.

शुक्रवार, निघताना

विमान दुपारचं होतं. सकाळी मिसेस हेन्रींकडे गेलो. फाटकावरची पाटी गुरुवारीच गेली होती आणि आतून तळणाचा वास येत होता. त्यांनी वाटेसाठी "पाते" बांधून दिले: करंजीसारखे, पण पंज्याएवढे. आमच्या दोघांचे भाजीचे, काकांचा खाऱ्या माशाचा. काकांनी कोकणस्थ असून तो तिथेच उभ्याउभ्या खाल्ला.

मग त्यांनी मला ओसरीवर नेलं आणि काठी पुढे धरली. "पाहा. पूर्वी इथे होतं. अठ्ठेचाळीस. टँकरनंतर इथे. छप्पन्न. आठ इंच जास्त आलंय. आठ इंच तुम्ही घालवलेले नाहीत." त्यांनी झग्याच्या खिशातून घडी केलेले पैसे काढले. "चारशे पंच्याहत्तरचा सातवा हिस्सा. अडुसष्ट."

"मिसेस हेन्री, तुमचं किचन तीन दिवस बंद होतं. त्याचं तर कुणी काहीच..."

"ते ज्यांनी सोमवारचा शनिवार केला त्यांच्याकडे निघतं. ते मी मागतेय, मागत राहीन. तुम्ही बोळा काढला, बोळ्याचं दिलंत. मला माझ्या टाकीत दुसऱ्याचं पाणी नको."

मी पैसे घेतले. घेतले नसते तर त्यांचा अपमान झाला असता, एवढं दहा दिवसांत शिकलो होतो. काकांनी खिशात हात घातला होता, तो त्यांनी रिकामाच बाहेर काढला.

विमानतळावर पासपोर्ट दाखवावे लागले. अमेरिकेतून अमेरिकेत जाताना. मेधाने मला कोपराने ढोसलं, म्हणजे मी काही बोलू नये.

आता मार्चचा शेवट आहे. माझ्या कार्डावर संस्थेकडून चारशे जमा झाले, कारण लिहिलंय "सहभागी समाधान". मी रीतसर लेखी कळवलं की ही रक्कम मी पाण्यापोटी धरली आहे, समाधानापोटी नव्हे, आणि मिसेस हेन्रींच्या तीन दिवस बंद राहिलेल्या किचनची भरपाई अजून बाकी आहे: रोज तीस ताटं, बारा डॉलरने एक हजार ऐंशी. उत्तरात पुढच्या वर्षीच्या सेंट क्रॉय दौऱ्यावर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं. वेबसाइटवर फोटो तसाच आहे.

गेल्या रविवारी मिसेस हेन्रींना फोन केला. आधी गुड आफ्टरनून. पाऊस नाही, काठी एकोणचाळीसवर आहे, टाकीत नवे मासे सोडलेत. बाटल्यांची ती दोन खोकी त्यांनी न फोडता ट्रेव्हरच्या ऑफिसच्या पायरीवर ठेवली, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

तेव्हा शेवटी दिलं गेलं ते असं. मिस्टर जोसेफना टँकरचे चारशे पंच्याहत्तर, आम्ही दिले. मिसेस हेन्रींनी मला अडुसष्ट दिले. संस्थेने मला चारशे दिले, म्हणजे बोळा काढणाऱ्याच्या खिशातून गेले सात डॉलर. आणि संस्थेने मिसेस हेन्रींना काही दिलं नाही.